मायच्या कमरेइतका ओटा

प्रिय माय,

पाठ धरली आहे. दवाखान्यातून ड्युटी करून आले, तुझ्या नव्या सैपाकघरात कणीक मळली आणि सरळच होता येईना. बाबा म्हणाले, "पड जराशी." पडून काय करू? उद्या सकाळी मिस्त्री घण घेऊन तुझा ओटा फोडायला येणार आहे. त्याआधी तुझ्याशी भांडून घ्यावं म्हणून लिहायला बसले.

काय करून ठेवलंस गं हे?

माझ्या गडचिरोलीच्या क्वार्टरमधला ओटा पाहून तू वेडी झालीस, हे मला ठाऊक आहे. त्यावर हात फिरवत म्हणाली होतीस, "वाकून रोवणं केलं, वाकून निंदलं, वाकून चूल फुकली. आता मले उभ्यानं सैपाक करू दे." कोण नाही म्हणणार होतं? मी तर उलट म्हणाले, जुनं सैपाकघर पाडू, स्लॅब टाकू. तर तू माझ्यावरच डाफरलीस. मातीची भिंत राहील, उन्हाळ्यात थंड असते. छपरावर कवेलूच राहतील. चूल मागच्या पडवीत जाईल, पण मोडणार नाही. आणि खिडकी मागच्या परसाकडे, सांदवाडीकडेच पाहिजे, वांदरं वालाच्या शेंगांवर आली की दिसायला हवीत!

बरं बाई, तुझंच खरं. जुन्या घराला शोभेल असंच करू म्हटलं.

पण उंची ठरवताना मला का बोलावलं नाहीस? मिस्त्रीनं विचारलं, "बाई, ओटा किती उंच धरू?" तर तू भिंतीजवळ उभी राहिलीस, पदर खोचलास, हवेतल्या हवेत कणीक मळून पाहिलीस आणि कोळशानं भिंतीवर रेघ ओढलीस. बाबा अजून हसतात त्या मळण्याला. अगं, तू बाबांच्या छातीलासुद्धा लागत नव्हतीस! आणि मी बाबांवर गेलेली. तूच मला ताडाचं झाड म्हणायचीस ना?

मग पावसाळ्यात तू गेलीस. तेरवी झाली, मी ड्युटीवर परतले. मिस्त्रीला कोणी थांबवलं नाही आणि त्यानं काम पुरं केलं. बदली मागून मी बाबांजवळ राहायला आले तेव्हा कडप्पासुद्धा बसला होता. माणूस छाती फुगवून सांगत होता, "बाईनं रेघ मारून देल्ली होती. आपण रेघ सोडली नाई."

रेघ सोडली नाही! खिडकीही त्यानं तुझ्याच डोळ्यांच्या मापानं बसवली. मी ओट्याशी उभी राहिले की मला त्यातून कोंबड्यांचे पाय तेवढे दिसतात. वांदरं शेंगा खाऊन ढेकर देऊन जातात, मला पत्ता नाही. डब्यांची फळी बरोबर माझ्या कपाळावर येते. परवा टेंगूळ घेऊन दवाखान्यात गेले, तर पेशंटच मला विचारतात, "का झालं सिस्टर?" काय सांगू? माझ्या मायनं मारलं म्हणून?

न वाकता सैपाक करायला ओटा मागितलास तू, आणि वाकून वाकून मरते मी. याला काय म्हणायचं?

तू त्यावर एकदा तरी सैपाक केला असतास ना, तर मी इतकी चिडलेही नसते. साधा चहा उकळला असतास. मला खरा राग त्याचा आहे, माय. नुसत्या रेघेवर समाधान मानून गेलीस.

म्हणून काल मिस्त्रीला बोलावलं. फोड म्हटलं, आणि माझ्या मापानं नवा बांध. तो ओट्यावर बोटं वाजवून पाहत होता, तेवढ्यात बाबा आत आले. तू असताना ते सैपाकघरात पाणी प्यायलाही येत नसत. ओट्याच्या कडेवर त्यांनी तळहात आडवा ठेवला.

"काऊन फोडून राह्यले?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बाबा, माझी कंबर मोडून राह्यली."

"फोटोत नुसतं तोंड हाय तिचं," बाबा म्हणाले. "हे पाह्य. इथी यायची तिची कंबर." आणि हात तसाच ठेवून उभे राहिले.

मिस्त्री खाली बघायला लागला. "परवा घण घेऊन ये, मग पाहू," म्हणून त्याला वाटेला लावलं.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललं आहे. या घरात तुझ्या मापाचं होतं तरी काय? घर बाबांच्या आज्यानं बांधलेलं. धानाच्या कोठीत हात घालायला तू पाटावर चढायचीस. मार्कंड्याच्या जत्रेतून आजीनं आणलेला पाटा इतका जड की तुला तो हलवता यायचा नाही. पलंगावर बसलीस की तुझे पाय लोंबकळायचे. जन्मभर एक तर टाचा उंचावल्यास, नाही तर वाकलीस. एकदाच कोणीतरी विचारलं, बाई, किती उंच धरू? तेव्हा तू मला कशाला बोलावशील? बरं केलंस, नाही बोलावलंस.

पण म्हणून माझी पाठ दुखायची थांबत नाही, हेही ऐकून घे!

इथवर लिहून उठले आणि मिस्त्रीला फोन केला. म्हटलं, घण घरीच ठेव, विटा घेऊन ये. समोरच्या भिंतीला माझा ओटा बांध, माझ्या कमरेइतका. शेगडी तिकडे जाईल. फळीही वर सरकव.

तो म्हणाला, "एका सैपाकघरात दोन उंचीचे दोन ओटे? लोक हासतीन ना बाई!"

"हासू दे," म्हटलं.

खिडकीला मात्र हात लावणार नाही. कोंबड्यांचे पाय तर कोंबड्यांचे पाय.

आणि एक कबूल करते तुला. या वर्षी नवा तांदूळ घरात आला की पहिल्या दिवशी शेगडी उचलून तुझ्या ओट्यावर आणीन. पहिला भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण तिथंच करीन, वाकून. दर वर्षी करीन. बडबडही करीन, तेवढी सोसून घे. तुझा उभ्याचा सैपाक राहून गेला ना? बाबांना सांगेन, आज मायनं रांधलं.

तुझं ताडाचं झाड,
शोभा