गरम हीटसिंक व इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर जन्म काढून निवृत्त झालेला, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र पोटभर जेवून, शांत डोक्याने आणि कोणीही मानगुटीवर बसलेले नसताना लिहीत आहे. माझी अक्कल ठिकाणावर आहे. मेहुण्यांचे याबाबत मत वेगळे आहे, पण ते माझ्या लग्नापासूनच वेगळे असल्याने आजाराचे लक्षण मानू नये. डावा कान प्रेसच्या दणदणाटात गेला, उजवा निम्मा उरला आहे. बाकी सगळे चालू.

खरे सांगायचे तर घर आणि पैसा दोन ओळींत उरकला असता. लिहायला बसलो ते मी स्वतः बनवलेल्या अँप्लिफायरसाठी. मी गेलो की थोरला मुलगा तो भंगारात काढणार आणि त्या जागी तळहाताएवढा नवा डबा आणून ठेवणार, हे मला स्पष्ट दिसते. मग हिचे, म्हणजे माझ्या पत्नीचे, काय होईल, ते त्याला दिसत नाही.

१. राहते घर, तीन खोल्या, माझ्या कमाईचे. ते पत्नीला. तिच्या पश्चात मुलगा व मुलगी यांना समान. "तिला काय करायचंय घर?" असे कोणी तोंडातून काढू नये. काय करायचे ते ती बघेल.

२. बँकेतील ठेव पत्नीला. माझ्या नावाने दानधर्म नको. आधी तिने स्वतःचे दात करून घ्यावेत, किती दिवस टाळणार?

३. सोल्डरिंगचे सामान व मीटर धाकटीला. तिचा टाका माझ्यापेक्षा सुबक बसतो. शेफारेल म्हणून तोंडावर कधी बोललो नाही. आता शेफारू दे. ड्रिल मशीन थोरल्याला. तो हातही लावणार नाही, पण मागायला शेजारी येतील आणि त्या निमित्ताने चार माणसे तरी त्याच्या ओळखीची होतील.

४. कपाटावरचा जळका ट्रान्सफॉर्मर मेहुण्यांना. त्यांचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. अँप्लिफायरच्या पॉवर सप्लायसाठी मोठा मागितला तर म्हणाले, "दाजी, गाणी ऐकायचीत की गिरणी चालवायचीय?" आणि एक किरकोळ तुकडा गळ्यात मारला. पहिल्याच दिवशी घरभर जळक्या वार्निशचा वास. वर मलाच ऐकवले, "तुम्हीच जोरात लावलं असणार!" शेवटी गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याने तार गुंडाळून दुप्पट ताकदीचा बनवून दिला. तो निम्म्याच ओझ्यावर चालतो, त्यामुळे ना तापतो ना गुरगुरतो. जळका तुकडा मेहुण्यांनी गिऱ्हाइकांना दिसेल असा गल्ल्याशेजारी ठेवावा. माझ्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला सगळ्यांआधी धावत आला तो मात्र हाच गृहस्थ. म्हणून माझे मनगटी घड्याळही त्यांनाच.

५. आता अँप्लिफायर. त्यातल्या ट्रान्झिस्टरमधून गाणे नसतानाही थोडा प्रवाह वाहता ठेवावा लागतो. त्याने ते तापतात, आणि ती उष्णता ओढून हवेत सोडतो तो हीटसिंक. मी प्रवाह सढळ ठेवला होता, म्हणून हीटसिंकही दणकट हवा होता. हिशेबात बसेल असा बाजारात मिळेना. भंगारवाल्याकडे जुन्या वेल्डिंग मशीनचा उभ्या पात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा मिळाला. तो घरात आणताना माझी कंबर धरली. थोरला म्हणाला, "बाबा, हा अँप्लिफायर आहे की बंब?"

हिच्या बोटांचे सांधे आखडतात. संध्याकाळी मी गाणी लावली की ही स्टूल ओढून शेजारी बसते आणि दोन्ही तळवे त्या कोमट पात्यांवर ठेवते. मला वाटायचे, माझी गाणी हिलाही आवडतात. मागच्या उन्हाळ्यात थोरल्याने खोली तापते म्हणून भुणभुण लावली, तेव्हा मी आतला स्क्रू फिरवून प्रवाह उतरवला. पाती गार पडली. ही दोन दिवस आली आणि मग आतल्या खोलीतच बसू लागली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की बाईसाहेब गाण्यासाठी नव्हे, शेकायला येत होत्या! मनाला लागले, खोटे कशाला बोलू? स्क्रू पुन्हा होता तिथे आणला. ही परत येऊन बसली.

म्हणून अँप्लिफायर पत्नीला. रोज संध्याकाळी तो चालू करून द्यावा. आवाजाचे बटण शून्यावर ठेवले तरी चालेल, तिचे हात गरम राहिले पाहिजेत. त्या स्क्रूला कोणी हात लावू नये. हलू नये म्हणून धाकटीने त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकला आहे.

इथवर लिहून मी चहा ठेवायला उठलो, तेवढ्यात हिने कागद वाचला.

"अहो, शेकायला? हे काय लिहिलंय?"

"मग काय तर!"

"भर उन्हाळ्यात कोण शेकायला बसतं हो? तुम्ही तो स्क्रू पिळलात नि गाण्याची माती झाली. हळू सूर लागला की नुसती खरखर. ऐकवेना, म्हणून उठले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला ऐकूच येत नव्हती ती. इतके खुशीत बसला होतात, कुठं तुमचा विरस करायचा?"

प्रवाह कमी पडला की हळू सुरांत खरखर येते, हे मला पाठ आहे. पाठ होते, पण ऐकू आले नाही. इतकी वर्षे माझ्या शेजारी बसून ही गाणेच ऐकत होती. मला फार, फार आनंद झाला आहे. चहा उतू गेला, तेही कळले नाही.

६. दुरुस्ती. कलम ५ मधील "आवाजाचे बटण शून्यावर ठेवले तरी चालेल" हे शब्द मी खोडले आहेत. त्याऐवजी वाचावे: गाणी तिच्या पसंतीची आणि आवाज तिला हवा तेवढा. पुढे कधी काही बिघडले तर धाकटीने दुरुस्त करावे. पण यंत्र नीट वाजते की नाही, हे मीटर लावून झाल्यावर आईला विचारावे. तिचा शब्द अखेरचा.

साक्षीदार: गल्लीतले वाइंडिंगवाले (सही). समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर (सही). पत्नीही पेन घेऊन पुढे आली होती. जिला मिळते तिने साक्ष द्यायची नसते, असे सांगून तिला स्टुलावर बसवले आहे.

ठिकाण: पुढची खोली, अँप्लिफायर चालू असताना.
तारीख: अकरा मे.
मृत्युपत्र करणार: सही.
खोडलेल्या शब्दांशेजारी: पुन्हा सही, माझीच.