स्प्रिंगेतला जोर

शनिवार, दिवेलागणीला

आमची जुनी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी पुढून थोडी खाली बसवायची, ही ह्यांची इच्छा. आखूड स्प्रिंगा आणून ठेवल्या आणि त्या बसवायच्या आधीच हे वारले. आज करीममिस्त्रींना बोलावलं. त्यांचा हात ट्रकच्या सपाट पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसलेला. स्प्रिंगेला खालून दाबून धरणाऱ्या थाळीचे चारही बोल्ट ते सरळ काढायला निघाले. शब्दकोश घेऊन वाचलेलं गाडीचं इंग्रजी पुस्तक मी पुढं केलं. आधी चारांतल्या दोन बोल्टांच्या जागी लांब बोल्ट घालायचे, मग त्यांचे नट सैल करत थाळी हळूहळू उतरवायची.

"भाभी, किताबां पढके गाडी खोलते क्या?" मिस्त्री हसले.

"हसा, पण बोल्ट घाला," मी म्हटलं.

घातले. नट सैल होत गेले तशी स्प्रिंग वाढतच गेली. वीतभर! एवढा जोर इतकी वर्षं आमच्या पायांखाली गप्प बसला होता? ह्यांच्या शेजारी बसून पिशोरपर्यंत जायचे मी. कधी जाणवलंही नाही.

मिस्त्रींनी सुटी झालेली स्प्रिंग हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "एकदम छूटती तो हाथ लेके जाती थी, भाभी."

दोन्ही बाजूंच्या आखूड स्प्रिंगा बसवून झाल्यावर त्यांना चहा दिला. ते पीत असताना मी त्यांची बोटं मोजली. दोनदा.