मिरजोळ्याचे घर सखूला

मी, हौसाबाई केरू गमरे, वय अंदाजे अठ्ठेचाळीस, धंदा गाणे, राहणार मिरजोळे, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी धमकावले म्हणून लिहीत नाही. धमकावणारे आहेत, पण ते मी लिहू नये म्हणून धमकावतात. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी गेल्यावर माझे दीर राजाराम गमरे म्हणतील की कॅन्सरच्या औषधांनी वैनीला भ्रम झाला होता. औषधे केव्हाच बंद झाली. मी बरी आहे. पुढल्या आठवड्यात मुंबईला तपासणी आहे, तिथे काय निघेल ते निघो. म्हणून त्याच्या आधी लिहिते.

माझे यजमान केरू आणि त्यांचे धाकटे भाऊ राजाराम यांची गायन पार्टी होती. मी तिच्यात गात होते. यजमान वारल्यावर भावजी म्हणाले, "वैनी, आता तू मागं बस. कोरस धर." मी पार्टी सोडली. स्वतःची पेटी घेतली, ढोलकीला रघू मोहिते आला, आणि आम्ही जयंतीचे, लग्नाबारशाचे कार्यक्रम घेऊ लागलो. पुढे डाव्या छातीत गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन करून छाती काढली. जीव वाचला, पण डावा हात सुजतो, वर होत नाही. पेटीचा भाता डाव्या हाताने हलवायचा असतो. म्हणून मी उजव्या हाताने सूर धरते आणि भाता दुसरे कोणी हलवते. एरवी माझी मुलगी राही हलवते.

गेल्या महिन्यात आम्ही तीन गावांचा दौरा केला. ऑपरेशननंतर रत्नागिरी शहराबाहेर प्रथमच. राही शाळेत शिक्षिका, तिला परीक्षांमुळे रजा मिळाली नाही. जयगडला भाता कोणी धरायचा यावरून दोन पोरी भांडल्या. मग एका गाण्याला एक, दुसऱ्याला दुसरी. माझा आवाज पूर्वीसारखा वर जात नाही, पण खालच्या पट्टीत पुष्कळ जागा आहे हे मला तिथे कळले. दापोलीलाही लोकांनी उठू दिले नाही.

तिसरा कार्यक्रम बुरोंडीच्या अलीकडे एका वाडीत होता. भावजींची पार्टी जवळच उतरली होती. ते आमच्या आधी मंडपात जाऊन बसले होते, सोबत त्यांची बायको सखू. पार्टीचा स्वयंपाक तीच करते. मला चहा आला तो कानतुटक्या कपात. बाया लांब सरकून बसल्या. कमिटीचे म्हातारे आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, आज ऱ्हावंदे. लोक घाबरल्यात."

"कशाला?"

तेव्हा भावजी उभे राहिले. "मी सांगतो. हिच्या रोगाची लागण होते. हिच्याबरोबर जेवून माझी घरवाली आजारी पडली. इचारा तिला. सखू, ऊठ. सांग सगल्यांना."

सखू उठली. भावजींनी परत "सांग" म्हटले. रघूने ढोलकीवरचे हात काढून घेतले. मला वाटले, ही सांगणार. त्या घरात तिला राहायचे आहे. ती बायांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आली, माझ्या पुढ्यातला कप उचलला आणि उरलेला चहा प्यायली.

"हिच्या आजारात मी हिची धुणी धुतली," ती म्हणाली. "मला काय झाला नाय." मग माझ्या डाव्या बाजूला बसून हळूच विचारले, "जाऊबाय, ह्यो भाता कसा वडू?"

तिला भाता जमला नाही. सूर मध्येच तुटायचा, मी तुटल्या जागी थांबायचे. लोक ऐकत राहिले. तिसऱ्या गाण्याला आप्पा स्वतः पुढे येऊन बसले.

कार्यक्रम संपल्यावर भावजींनी मंडपाच्या तोंडाशी सखूला सांगितले, "माझ्या घरात पाय ठेवू नको." ती नेसत्या लुगड्यानिशी आमच्याबरोबर एसटीत बसली. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. भावजींचे निरोप येतात. तिला पाठवून दे. शेवटचा निरोप असा: "वैनी आज हाय, उद्या नाय. घर माझ्या भावाचा. मग बघतो ही खय जाते."

तरी माझी व्यवस्था अशी.

मिरजोळ्याचे दोन खोल्यांचे चिऱ्याचे घर, परसातल्या फणसासह, माझ्या नावावर खरेदी केलेले आहे. त्यावर गमरे भाऊबंदांचा कसलाही हक्क नाही. माझ्या पश्चात सखूबाई राजाराम गमरे हिने त्यात मरेपर्यंत राहावे. तिला कोणी काढू नये. राहीनेही नाही. सखूच्या मागे घर राहीचे. मी राहीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "आये, विचारतेस काय? काकीला काढून मी तिथं झोपेन काय?" सखू राजीखुशीने नवऱ्याकडे परत गेली तर तो तिचा प्रश्न. परत आली तर खोली तिचीच.

पेटी राहीला. तिने ती कपाटावर शोभेला ठेवू नये. ढोलकी रघूला द्यायची होती, पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये. म्हणून ढोलकी आजच त्याच्या हातात दिली आणि त्याला साक्षीला बसवले. माझी गाणी कोणीही गावी. भावजींनीही गावी, फक्त ती आपण रचली असे सांगू नये. दोन गाण्यांबाबत ते तसे सांगतात.

माझ्या मयताला भावजी आले तर अडवू नये. खांदा देऊ द्यावा. केरूचे ते भाऊ आहेत. भाषण मात्र करू देऊ नये.

एवढे लिहून सही करणार, तोच भावजी अंगणात आले. ते लिहिल्याशिवाय हा कागद पुरा होणार नाही.

"सखू, चल. झाला तेवढा पुरे."

मी उठणार होते. सखूने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः दारात गेली. "मी येत नाय," ती म्हणाली. "जाऊबाय उद्या गेली तरी येणार नाय."

"वैनी, कागदात काय लिवलंस?" त्यांनी मला विचारले. मी घराचे कलम मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"कोर्टात बघू."

"बघा," मी म्हटले.

ते गेले. रघू कुंपणाच्या बेड्यापर्यंत जाऊन बघून आला. सखू तिथेच खाली बसली, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवला, तो माझ्या मनातला आहे, आणि त्यांच्यादेखत उजव्या हाताने सही केली.

हौसाबाई केरू गमरे

साक्षीदार:
१. रघू विठू मोहिते, ढोलकीवादक
२. गोदूबाई गंगाराम सकपाळ, शेजारीण

मिरजोळे, रत्नागिरी
रविवार, १७ मे १९८७