यान पोचेपर्यंत

जवाहरनगर (भंडारा)
१८ नोव्हेंबर

प्रिय भावना,
सप्रेम जयभीम.

आम्ही ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा, खुशबूचा खोकला गेला. मी सोमवारपासून ड्यूटीवर जाऊन राहिलो. फॅक्टरीची बस आता सव्वासातलाच येते. एकोडीच्या वावरातलं धान कापून झालं, मळणी राहिली आहे. मायचा पलंग अजून समोरच्या खोलीतच आहे. हलवायचं कुणी म्हणत नाही.

काल फोनवर तू म्हणालीस, मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांसमोर दोन शब्द बोलशील. "माझ्या कामात खोटी होऊ नये म्हणून मायनं मले बोलवू देलं नाही, थे सांगीन." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. तू जपानहून निघायच्या आधी हे पत्र तुझ्या हाती पडावं. तोंडानं मला सांगता येणार नाही.

मायनं मना केलं नव्हतं.

तुमचं यान सुटलं त्या रविवारी ती चांगली होती. मोबाइलवर पूर्ण पाहिलं. "अंदर डरायवर नाई म्हणते, मंग वरच्या लोकायले सामान पोचवते कोण?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आपली भावना, जमिनीवर बसून." शेजारच्या आनंदाबाईला तिनं हे दोनदा सांगितलं.

सोमवारी दुपारी तिला दम लागला. भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, जवळच्यांना बोलावून घ्या. यान अंतराळ स्थानकाला लागेपर्यंत चार दिवस तुझा मोबाइल बाहेर ठेवावा लागेल, हे तू सांगितलं होतंस. अडचणीसाठी ऑफिसचा नंबर दिला होतास. तो खुशबूनं कॅलेंडरवर लिहिला होता, माझ्या खिशातही होता.

"भावनाले बोलाव," माय म्हणाली.

"तिचं काम सुरू आहे, माय."

"काम होत राहीन. तू बोलाव."

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन नंबर लावला. एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. मी फोन कापला. इंग्रजी मला समजत होतं, भावना. तिनं एवढंच विचारलं होतं की कोण हवं आहे.

मंगळवारी मायनं पुन्हा विचारलं, "सांगतलं का तिले?"

मी म्हणालो, "सांगितलं. निघाली आहे थे."

मग तिनं खुशबूकडून केस विंचरून घेतले. धुतलेलं लुगडं मागितलं. दाराकडे तोंड करून निजली. मी दवाई दिली, पाणी पाजलं, पाय दाबले. ती माझ्याकडे पाहत नव्हती असं नाही, पण कुणी आत आलं की मान वळवायची. बुधवारी दुपारी दोनला गेली.

गुरुवारी यान स्थानकापासून दहा मीटरवर येऊन थांबलं आणि स्थानकाच्या यंत्रहातानं ते धरलं. मी घरी मोबाइलवर पाहत होतो. तुमच्या कंट्रोल रूममधले लोक टाळ्या वाजवत होते. तू मागच्या रांगेत दिसलीस. मायचा अंत्यविधी होऊन एक दिवस झाला होता. मग तुझाच फोन आला. "भाऊ, लागलं बरोबर." मी तुला सांगितलं. तू विचारलंस, "मले काहून नाही सांगितलं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मायनंच मना केलं."

तुझ्या कामासाठी केलं असं मी खुशबूला सांगितलं. तीही आता तेच सांगते. अर्धं खरं आहे. बाकीचं असं की अकरा वर्षं माय माझ्याजवळ होती, आणि शेवटचे तीन दिवस तिनं फक्त तुझं नाव घेतलं. मला वाटलं, हे तीन दिवस तरी माझे असू दे. तू लगेच निघाली असतीस तरी बुधवारपर्यंत पोचली नसतीस. पण फोनवर तिनं तुझा आवाज ऐकला असता. एवढं माझ्या हातात होतं.

मला रडू येत नाही. ड्यूटी करतो, जेवतो, झोपतो.

कार्यक्रमात काय बोलायचं ते तू ठरव. सगळ्यांसमोर खरं सांगितलंस तरी मी तिथंच बसून राहीन, उठणार नाही. नागपूरला घ्यायला येऊ की नको, तेवढं कळव.

दरवेळी पत्राखाली 'तुझा भाऊ' लिहितो. या वेळी ते तुला विचारल्याशिवाय लिहीत नाही.

अश्विन