एक्स-रेमधलं झाड

शारजा, रोल्ला. सोमवार, १२ नोव्हेंबर २००१

खलास! सुटले एकदाची. व्हिसाच्या मेडिकलमध्ये एक्स-रेवर डाग निघाला तेव्हापासून आठ दिवस मी मनातल्या मनात बॅगा भरत होते. टीबी असता तर परत पाठवलं असतं. आज डॉक्टर म्हणाले, "जुन्या न्यूमोनियाची खूण आहे, काळजी नको."

आणि या आठ दिवसांत माझ्या लेकीने, मुग्धाने, मला वाचायला काय द्यावं? कॉलेजच्या पेपरसाठी, म्हणजे निबंधासाठी, आणलेली एका चिनी लेखिकेची कथा. त्यातली आजारी बाई स्वतःचा एक्स-रे खिडकीशी धरते आणि तिला फुप्फुसांत बर्फाने लगडलेलं झाड दिसतं. चिडलेच मी. झाड कसलं दिसतंय? भीती दिसते!

संध्याकाळी मात्र माझाही एक्स-रे खिडकीशी धरला. अगं बाई, खरंच झाड!

"व्हॉट डू यू सी, आई?" मुग्धा.

"खजुरीचं झाड. आणि तो डाग म्हणजे वर बसलेली साळुंकी."

ती हसेल असं वाटलं, तर वहीच उघडली. अशा कथांतल्या बायका आजारपणात इतकं बघत का बसतात, हेच तिला पेपरात लिहायचं होतं.

"आठ दिवस सगळे मला तपासत होते," मी म्हटलं. "आज मी बघितलं."

हे मला कसं सुचलं, कोण जाणे! पेपरात माझं नाव घालू का विचारत होती. घाल म्हटलं, पण स्पेलिंग आधी मला दाखव.