तेरा नंबरचा धुतलेला डबा

वहिनी,

ड्यूटीवरून आलात की आधी जेवून घ्या, झाकून ठेवलंय. पाणी पिंपातलंच प्या, उकळलेलं आहे. नळाचं आणखी आठवडाभर प्यायचं नाही, असं आरोग्य केंद्राने आज पुन्हा बजावलंय.

तापाने घरात अडकलेल्यांना मी डबे पोचवते ना, त्यात तेरा नंबरच्या मास्तरीणबाई आहेत. पायरीवर डबा ठेवायचा, कालचा उचलायचा. डबा धुऊन परत आला म्हणजे माणूस ठीक, अशी आमची पद्धत. बाईंचा रोज लख्ख यायचा, आणि झाकण उलटं घातलेलं. तापातही बाईंची शिस्त सुटत नाही, असं मी तुम्हाला हसत सांगितलंही होतं. बारा दिवस त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

आज केंद्रात मृतांची नवी यादी लागली. बाई दहा दिवसांपूर्वीच गेल्या. घराला तेव्हापासून बाहेरून कुलूप आहे; मी फाटकाच्या पायरीवरूनच परतायचे, म्हणून ते दिसलं नाही. नर्स म्हणाल्या, शेजारचं कुणी खात असेल. मीही स्वतःला तेच सांगत घरी आले.

आत्ता दार उघडलं, तर आपल्या पायरीवर दादाचा अळणी जेवणाचा डबा होता, तो दाखल आहे त्या तापाच्या वॉर्डात काल मी दिलेला. लख्ख धुतलेला, झाकण उलटं. वॉर्डातून भांडी बाहेर सोडत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. दादा फोन उचलत नाहीये. मी तिकडे निघालेय.

डबा तुम्ही आणला असेल तर लगेच कळवा. नसेल, तर जेवायला थांबू नका. तशाच वॉर्डात या.