टमाट्याचा पेला

१७ जानेवारी १९४४, सोमवार

आले! आमचे भावजी, धाकटे दीर महालिंगप्पा, हैदराबादेहून आले. रजा काढून, डोक्याला सुवासिक तेल चोपडून, आणि तोंडात सतत "आमच्या सिकंदराबादेत". नक्कलनवीस आहेत — म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं पुन्हा एकदा लिहायचं. पण उमरग्याच्या मोटारअड्ड्यावर उतरले ते असे, की खुद्द तालुकदारसाहेबच दौऱ्यावर आले असावेत.

(इथं निजामाच्या राज्यात सगळे फसली महिने मोजतात. मी सोलापूरची. या वहीत तरी मी इंग्रजीच तारीख घालणार.)

येताना स्थळ घेऊन आलेत. धाकट्या नणंदेसाठी, शरणम्मासाठी. मुलगा रेवणसिद्ध, आपल्यातलाच, भावजींच्याच दफ्तरात, पण त्यांच्या वरच्या जागेवर. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, जुम्म्याची सुट्टी साधून, मामाला घेऊन मुलगी बघायला येणार. हे जमलं नाही तर सासूबाईंनी ठरवूनच टाकलंय — पोर मुरूमच्या तंबाखूवाल्या बिजवराला द्यायची. त्याची मोठी मुलगी शरणम्माच्याच वयाची आहे!

आणि शरणम्मा काय म्हणते? काही नाही. ती कधीच काही म्हणत नाही. सतरा वर्षांची झाली, तोंडात जीभ आहे की नाही याचा अजून पत्ता नाही.

१९ जानेवारी, बुधवार

भावजींचा नवा हुकूम — पाहुण्यांना दूध द्यायचं नाही!

या घरची रीत अशी, की मुलगी स्वतः दुधाचा पेला घेऊन येते. मुलगा तळापर्यंत प्यायला तर पसंत. पेला तसाच खाली ठेवला तर नापसंत. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही, आणि ठेवलेल्या पेल्याच्या बदली दुसरा द्यायचा नाही. मला ही रीत बरी वाटते. या घरातली माणसं जितकी कमी बोलतील तितकं चांगलं.

पण भावजींना दूध गावंढळ वाटतं. "वैनी, तिकडं बडे लोक सुट्टीला उशिरा उठत्यात. धा-अकराला खात्यात. न्याहारी बी न्हाय आन् जेवण बी न्हाय, मधलंच. त्याच्यासंगं टमाट्याचा गारेगार रस, तिखटमिठाचा. क्लबात साहेब लोक त्यात दारू घालत्यात, आपुन नाय घालायची." म्हणजे दारू वजा केलेली दारू! आणि यांना क्लबात कोणी बसवलं? कागद सहीला घेऊन व्हरांड्यात उभे राहिले असतील, तिथून खिडकीतून पाहिलं असेल.

अव्वांनी — सासूबाईंना सगळे अव्वाच म्हणतात — कानांवर हात ठेवले. "टमाटं? रगतावानी लाल! माज्या चुलीवर न्हाय चढायचं ते." शेवटी निकाल लागला. मी करायचं. परसात तीन दगड मांडून. का? तर "रुद्रम्मा सोलापूरची हाय, तिला तसलं समदं चालतंय."

तसलं समदं! माझ्या माहेरी टमाट्याचं सार होतं, म्हणून मी बाटले. आमच्या यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बघा बुवा." लग्न झाल्यापासून कुठल्याही प्रश्नाला यांचं हेच उत्तर आहे.

२० जानेवारी, गुरुवार

डाकबंगल्याच्या माळ्यानं, गोरोबानं, टोपलीभर टमाटे पाठवले. अव्वांनी लांबूनच टोपलीवर पाणी शिंपडलं.

२३ जानेवारी, रविवार

आज रंगीत तालीम झाली.

टमाटे उकळत्या पाण्यातून काढून सोलले. कुस्करले, मलमलीच्या फडक्यातून गाळले. बी नाही, साल नाही. मीठ, मिरपूड, भाजलेलं जिरं, लिंबू. तांब्या ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्याला ठेवला. दोन घोट घेतले — चांगलं झालं होतं! मीच केलं म्हणून म्हणत नाही, खरंच चांगलं झालं होतं. जिभेला झणका आणि पोटाला गारवा.

भावजींनी घोट घेतला, डोळे मिटले (क्लबातले साहेब मिटत असावेत) आणि म्हणाले, "जान न्हाय यात." मग ट्रंकेतून एक बाटली काढली. आत विलायती काळा रस. "ह्येचे चार थेंब पडल्याबिगर मजा न्हाय. मशिनीत बनवत्यात, मान्साचा हात लागत न्हाय. येकदम पाक!" बूच उपसताना थोडा फरशीवर सांडला, चार थेंब भावजींच्या पेल्यात पडले.

आणि मांजर आलं. आमचं मांजर दूधभातावर वाढलेलं, हाक मारली तरी उठायचा आळस. ते धावत आलं आणि फरशी चाटायला लागलं. हुसकलं तरी हलेना. मी सांडलेल्याला बोट लावलं, हुंगलं. सोलापुरात मंडईकडे जाताना सुकटवाल्यांच्या बोळातून जावं लागायचं. तो वास मी विसरणं शक्य नाही.

मासा!

तोवर भावजी पेला संपवून मिशा पुसत होते. "असली चीज!" म्हणाले. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि पोटात विलायती मासा. मी हसू दाबायला आत निघून गेले. शरणम्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मांजराकडे बघत होती, दुसरं काय करणार ती!

२४ जानेवारी, सोमवार

हसू ओसरलं. आता पंचाईत कळतेय.

अव्वांना सांगितलं तर घरातली सगळी मडकी फुटतील, चूल मोडून नवी घालतील, मठातून स्वामींना बोलावून घर शुद्ध करतील. पेठभर बोभाटा! मग शुक्रवारी कोण येतंय? मुरूमचा तंबाखूवाला बाशिंग घेऊन तयारच आहे. भावजींना सांगितलं तर तेच घाबरून अव्वांच्या पायावर लोळण घेतील. यांना सांगितलं तर — बघा बुवा.

म्हणून दुपारी सगळे लवंडल्यावर मीच उठले. बाटली उकिरड्यात रिकामी केली, वर राख ओढली. बाटली राखेनं घासली, उन्हात वाळवली. चिंचेचा कोळ, गूळ, काळं मीठ, हिंग, सुंठ आणि चमचाभर आपला काळा मसाला घालून आटवलं, गाळलं, बाटलीत भरलं. रंग तोच. चव कितीतरी बरी. विलायतेला कळवायला हवं, की बाबांनो, मासे कशाला मारता?

बाटली ट्रंकेत जागच्या जागी ठेवली. संध्याकाळी भावजींनी करंगळीवर थेंब घेऊन चाटला आणि डोळे मिटून म्हणाले, "ह्येला म्हणत्यात विलायती!" या घरात नाक कुणालाच नाही. नुसती भोकं आहेत.

२६ जानेवारी, बुधवार

भावजी शरणम्माला चालायला शिकवतायत! तबकात काचेचा पेला, काठावर लिंबाची चकती खोचलेली. "हासत यायचं, पन दात न्हाय दिसले पायजेत." ती आली. दात दिसले नाहीत. हसूही दिसलं नाही.

मी तिला विचारलं, "का गं, तुला हे स्थळ हवंय का?"

"तुमी म्हणाल तसं."

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. हिच्यासाठी मी भर दुपारी धुरात बसून चिंच आटवली! मग हळूच म्हणते, "वैनी, ती बाटली —" मी म्हटलं, "बाटलीचं माझ्यावर सोड. तू फक्त तबक सांडू नकोस." मान हलवून गेली.

२८ जानेवारी, शुक्रवार

गेलं सगळं.

मोटार उशिरा आली. मामा साधे, भलं मोठं पागोटं. मुलगा किडकिडीत, चष्मा, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आल्या आल्या काय मागावं? बादलीभर पाणी आणि एक कोपरा. मोटारीत लिंगपूजा झाली नाही म्हणे, ती झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही घेणार नाही. मुलगी बघायला आल्यावर बरी आठवते पूजा! पण अव्वा लगेच विरघळल्या. स्वतः उठून पाट मांडला.

मग धपाटे, दही, शेंगाचटणी. भावजींचं "न्याहारी बी न्हाय आन् जेवण बी न्हाय" हे व्याख्यान. मामांना दातांनी धपाटं तुटत नव्हतं, त्यांनी दूध मागून घेतलं. सगळ्यांत शहाणा माणूस तोच निघाला.

भावजींनी आपल्या हातानं पेल्यांत बाटलीतले चार-चार थेंब टाकले. शरणम्मा तबक घेऊन आली. नीट आली. वाकून पेला पुढे धरला. रेवणसिद्धनं घेतला, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि पेला खाली ठेवला.

ओठाला लावलासुद्धा नाही!

भावजींनी आपला पेला उंच केला, "घ्या की, येकदम असली!" तो म्हणाला, "माफ करा. मला नको." एवढंच. कारण नाही, निमित्त नाही. अव्वांच्या हातातला पंखा थांबला. मामांनी मान खाली घातली. त्यांनाही रीत ठाऊक होती. दुपारच्या मोटारीनं दोघे गेले.

कोण समजतो हा स्वतःला? चार बुकं शिकला, चष्मा लावला, म्हणून दुसऱ्याच्या लेकीला असं पेल्यासारखं बाजूला सारायचं? नाही म्हणायचं होतं तर धपाटे कशाला हाणले? पूजा करतोय, भस्म लावतोय, आणि समोर उभ्या माणसाची कदर काडीची नाही! जळला मेला तो चष्मा.

आणि ही शरणम्मा! भरलेला पेला उचलून परसात गेली, केळीच्या बुडाशी ओतला, पेला घासून पालथा घातला. रडलीसुद्धा नाही. रडायला तरी आत काहीतरी असावं लागतं.

२९ जानेवारी, शनिवार

भावजी रजा अर्धी टाकून परत गेले. "दफ्तरात तोंड कसं दावू?" म्हणत होते. यांच्या तोंडाकडे तिथं बघतंय कोण! बाटली मात्र आठवणीनं बरोबर नेली. पिऊ देत चिंच.

३१ जानेवारी, सोमवार

मुरूमचा येऊन गेला. ओसरीभर तंबाखूचा वास. अव्वांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आत शरणम्मा दळत होती. तिचं जातं एकदाही थांबलं नाही.

मला मात्र जेवण गेलं नाही. का जाऊ नये? पोर माझी थोडीच आहे.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

रेवणसिद्धचे मामा पुन्हा मोटारीतून उतरले! एकटेच. ओसरीवर बसून म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पोरगं म्हनतंय, करीन तर हीच. दुसरी दावूच नका."

अव्वा म्हणाल्या, "मंग त्यो पेला?"

"त्येचं त्येला ठावं. म्या मोटारीत लई इचारलं. नुसता हासतोय."

अव्वा रडल्या, हसल्या, मामांना दोनदा दूध दिलं. मुरूमला निरोप गेला. हे म्हणाले, "बघा बुवा!" — आणि पहिल्यांदाच ते जागेवर बसलं.

पण हा काय माणूस आहे? पसंत होती तर पेला का ठेवला? आम्हा सगळ्यांना आठवडाभर टांगून ठेवायची मजा वाटली की काय? हसतोय म्हणे! अशा विक्षिप्ताच्या घरात ही मुकी जाणार. चांगला संसार होणार!

५ फेब्रुवारी, शनिवार

आज शरणम्मा आपणहून बोलली. जोंधळे पाखडताना, मान वर न करता.

"वैनी, म्याच म्हणले व्हते त्यांस्नी."

वाकून पेला देताना, हळूच, कानडीत — "कुडिब्याड्री." पिऊ नका. त्यानं का म्हणून विचारलं नाही. पेला ठेवला, या वहीत माझ्या शिव्या खाल्ल्या, आणि कुणाजवळ हिचं नाव घेतलं नाही.

"त्या दिशी मांजर चाटत व्हतं न्हवं? बाजारात सुकटीचा वास येतो, तसाच. लिंगपूजा करून बसलेला मानूस, त्येच्या पोटात कसं जाऊ द्यायचं? म्या म्हणलं, मुरूम तर मुरूम."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

सूप थांबलं. "तुमाला ठावं असंल वाटलं. तुमी सोलापूरच्या. तुमाला चालत असंल."

पेल्यात चिंच होती गं वेडे! माझ्या हातची चिंच. अगदी ओठांवर आलं होतं. पण मग ती मुरूमला जायला तयार झाली, ते काय नुसत्या चिंचेसाठी?

मी म्हटलं, "हो. मला चालतं."